एक्स्चेंजवर परदेशी शाळेत जाणारे नाशिकचे विद्यार्थी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही माहिती दहावी-अकरावीच्या वयात वर्षभरासाठी परदेशी जाऊन तिथल्या कुटुंबात राहणाऱ्या आणि तिथल्याच शाळेत शिकणाऱ्या मुलामुलींसाठी आहे, आणि अर्थातच त्यांच्या आईवडिलांसाठी. पदवीला जाणाऱ्यांचे प्रश्न वेगळे असतात. नियम देशाप्रमाणे आणि तुम्हाला पाठवणाऱ्या एक्स्चेंज संस्थेप्रमाणे बदलतात. इथलं म्हणणं आणि तुमच्या संस्थेची नियमपुस्तिका जुळत नसेल तर पुस्तिका खरी.

दहावीनंतर जावं की अकरावीनंतर?

शक्य असेल तर दहावी पूर्ण करून. मे महिन्यात निकाल लागतो, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये तिकडची शाळा सुरू होते आणि परत आल्यावर अकरावीत नव्याने प्रवेश घेता येतो. त्या वेळी मधल्या वर्षाचं प्रतिज्ञापत्र लागतं, म्हणून संस्थेचं पत्र, तिकडच्या शाळेचं गुणपत्रक आणि हजेरीचा दाखला सांभाळून ठेवा. तिकडचं वर्ष म्हणजेच अकरावी, आता थेट बारावीला बसू, असं मात्र गृहीत धरू नका. अमेरिकेतल्या बऱ्याच शाळा एक्स्चेंजच्या विद्यार्थ्याला डिप्लोमा, म्हणजे शाळा पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र, देत नाहीत. अकरावीत प्रवेश घेऊन मध्येच जायचं असेल तर कॉलेजशी बोलणं जाण्याआधी आणि लेखी करा. बारावीपर्यंत थांबलात तर वय आणि इयत्ता या दोन्ही अटी आड येतात. अमेरिकेत वयाची वरची मर्यादा साडेअठरा वर्षं आहे.

पासपोर्ट, व्हिसा?

१८ वर्षांखालच्यांचा पासपोर्ट ५ वर्षं किंवा १८ पूर्ण होईपर्यंत, यातलं जे आधी येईल तोवर चालतो. सतराव्या वर्षी असा पासपोर्ट काढला तर तो ऐन परदेशात संपतो. १५ ते १८ वयाच्या मुलांना १० वर्षांचा पासपोर्ट मागता येतो, अर्जात तोच पर्याय निवडा. आईवडील दोघांच्या सह्यांचं संमतिपत्र लागतं. (पासपोर्टच्या पुस्तिका नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापल्या जातात, पण त्यामुळे नाशिककरांचा नंबर लवकर लागत नाही.)

अमेरिकेसाठी जे-१ हा एक्स्चेंजचा व्हिसा असतो. संस्थेकडून डीएस-२०१९ हा कार्यक्रमात घेतल्याचा फॉर्म आल्यावर सेव्हिसची (परदेशी विद्यार्थ्यांच्या अमेरिकी सरकारी नोंदणीची) फी भरायची, डीएस-१६० हा व्हिसाचा ऑनलाइन अर्ज भरायचा आणि मुंबईला बीकेसीतल्या अमेरिकी वकिलातीत मुलाखत द्यायची. बोटांचे ठसे आणि मुलाखत यांच्या वेळा वेगवेगळ्या असतात, दोन्हींचे कागद जवळ ठेवा. मुलाखत सकाळची असेल तर त्याच दिवशीच्या पंचवटी एक्स्प्रेसवर विसंबू नका, कसारा घाटात गाडी रखडली की वेळ हुकली. आदल्या रात्रीच मुंबईला मुक्काम करा. उत्तरं विद्यार्थ्याने स्वतः द्यायची असतात.

युरोपात पोचल्यानंतरचं काम जास्त महत्त्वाचं. जर्मनीत राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंद करावी लागते, इटलीत कामाच्या आठ दिवसांत निवास परवान्याचा अर्ज. यजमान कुटुंबाला हे ठाऊक असेलच असं नाही. पहिल्याच आठवड्यात तुम्हीच विषय काढा.

लसीकरणाचं कार्ड पुरेसं आहे का?

बहुतेक वेळा नाही, आणि अमेरिकेत शाळेचा पहिला दिवस हुकण्याचं हे नेहमीचं कारण आहे. शाळेला गोवर-गालगुंड-रुबेला, पोलिओ, धनुर्वात-घटसर्प-डांग्या खोकला, हिपॅटायटिस बी आणि कांजिण्या या लसींच्या तारखा लागतात. आपल्याकडे कांजिण्यांचा बहुधा एकच डोस झालेला असतो किंवा तोही नसतो. दोन डोसांत किमान चार आठवडे जावे लागतात, तेव्हा मे महिन्यातच बालरोगतज्ज्ञांकडे जा. सगळ्या तारखा त्यांच्या लेटरहेडवर इंग्रजीत, सही-शिक्क्यासह घ्या आणि महिना अक्षरांत लिहायला सांगा. ५/८ म्हणजे आपल्याला ५ ऑगस्ट, अमेरिकन नर्सला ८ मे.

दुसरी अडचण क्षयरोगाच्या चाचणीची. लहानपणी बीसीजी टोचलेली असली की हातावरची त्वचाचाचणी पॉझिटिव्ह येऊ शकते आणि मग एक्स-रे, फेऱ्या, घबराट. बीसीजी झाल्याचं कागदावर लिहून न्या आणि त्वचाचाचणीऐवजी इग्रा ही रक्तचाचणी चालेल का, ते विचारा. तिच्यावर बीसीजीचा परिणाम होत नाही.

दात तपासून घ्या आणि चष्म्याची जास्तीची जोडी न्या. दात आणि डोळे विम्यात सहसा नसतात.

बॅगेत काय घ्यायचं, काय नाही?

सामानाची मर्यादा तिकिटावर बघा. अमेरिकेला बहुधा २३ किलोच्या दोन बॅगा चालतात, युरोपला अनेकदा एकच.

सुकं खोबरं काढून ठेवा. त्यात तेल असल्याने ते ज्वालाग्राही धरलं जातं, विमानात चालत नाही, आणि चटणीसाठी म्हणून आईने हमखास घातलेलं असतं. पॉवर बँक हातातल्या बॅगेतच ठेवायची. अमेरिकेत तांदूळ आणि हरभरे नेता येत नाहीत, कारण त्यातून खाप्रा हा धान्यातला किडा जाण्याची भीती असते. युरोपात मांस आणि दुधाचे पदार्थ चालत नाहीत, म्हणजे पेढे आणि तूपही गेलं. चिवडा आणि दळलेले कोरडे मसाले कारखान्याच्या सीलबंद पाकिटात न्या. विमानतळावरच्या फॉर्मवर खाण्याचं सामान आहे असं स्पष्ट लिहा. दाखवलेली वस्तू फार तर काढून घेतात, लपवलेलीसाठी दंड करतात.

मोबाइल-लॅपटॉपचे चार्जर १०० ते २४० व्होल्टवर चालतात, फक्त पिनेसाठी अडॅप्टर लागतो. भारतातला हेअर ड्रायर किंवा इस्त्री अमेरिकेतल्या १२० व्होल्टवर धड तापत नाही, नेऊ नका. भेटवस्तू हलक्या आणि मोडणार नाहीत अशा घ्या: येवल्याच्या पैठणीच्या कापडाची पर्स, वारली चित्र, कापडी तोरण. दोन-तीन जास्तच ठेवा. काही कार्यक्रमांत, रोटरीच्या वर्षभराच्या कार्यक्रमात तर नेहमीच, एकाहून जास्त कुटुंबांत राहावं लागतं.

यजमान कुटुंबाला पैसे मिळतात का?

अमेरिकेत जे-१ शालेय कार्यक्रमात कुटुंबाला मोबदला देता येत नाही. अनेक देशांत हीच पद्धत आहे. तेव्हा "आम्ही एवढे पैसे भरले" हा हिशेब त्या घरात काढू नका. तुम्ही भरलेले पैसे त्यांच्याकडे गेलेले नाहीत.

पहिल्या आठवड्यात काय विचारून घ्यायचं?

आपल्या घरात निम्म्या गोष्टी न बोलता कळतात. तिकडे न बोललेलं कोणाला कळत नाही आणि त्याचा रागही कोणी धरत नाही, फक्त गोष्ट होत नाही. म्हणून एक वही घ्या आणि शांत संध्याकाळी दोन्ही यजमान पालकांसमोर बसून विचारा. तुम्हाला कोणत्या नावाने हाक मारू? (बहुधा नुसतं नाव सांगतील. जीभ अडखळली तरी तसंच म्हणा, "अंकल-आंटी" त्यांना विचित्र वाटतं.) फ्रिजमधलं न विचारता काय घेऊ? अंघोळीची वेळ कोणती? कपडे कोण, कोणत्या दिवशी धुतं? वाय-फाय रात्री किती वाजेपर्यंत? खोलीचं दार बंद ठेवलं तर चालेल? मित्राला घरी आणायचं तर किती आधी सांगू? माझ्याकडे घरातलं कोणतं काम?

शेवटचा प्रश्न सर्वांत मोलाचा. कुत्र्याला फिरवणं, भांडी डिशवॉशरमध्ये लावणं, कचरा बाहेर ठेवणं, यातलं एक काम ठरवून घेतलं की पाहुणेपण संपतं. वर्षभर पाहुणा कोणालाच नको असतो.

आणि आग्रहाची वाट बघू नका. आपल्याकडे पहिल्यांदा "नको" म्हणायचं, दुसऱ्यांदा "थोडंसंच", असं चालतं. तिकडे एकदा नको म्हटलं की भांडं पुढे जातं आणि तुम्ही उपाशी झोपता. हवं तर लगेच हो म्हणा. होकारार्थी मान डोलावण्याची सवयही तोंडाने "हो" म्हणून भरून काढा, त्यांना त्या डोलण्यातून होकार की नकार हे कळत नाही.

बाथरूममध्ये नेमकं काय चुकतं?

पाणी. अमेरिकेत बाथरूमच्या फरशीला सहसा मोरीचं तोंड नसतं. पाणी टबाबाहेर गेलं तर लाकडात मुरतं आणि खालच्या मजल्याच्या छताला डाग पडतो. शॉवरचा पडदा टबाच्या आत सोडायचा, बाहेर येण्याआधी अंग तिथेच पुसायचं. गरम पाणी टाकीचं असतं, एकाने पंचवीस मिनिटं घेतली तर पुढच्याला थंड. सात-आठ मिनिटांत आटपा. जपानमध्ये उलटं: अंग बाहेर साबणाने धुऊन मगच टबात उतरायचं, आणि ते पाणी सोडायचं नाही, कारण घरातले सगळे त्याच पाण्यात बसतात.

केसांना तेल लावून झोपायचं असेल तर उशीवर आपला जुना टॉवेल घाला. खोबरेल साधारण २४ अंशांखाली गोठतं, बाटली रुंद तोंडाची न्या.

सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून कचऱ्याच्या डब्यात टाकायचे, टॉयलेटमध्ये नाही. पाळीच्या दिवसांत काही हवं असेल तर यजमान आईला सरळ सांगा, तिकडे त्यात लपवण्यासारखं काही मानत नाहीत.

मी शाकाहारी आहे. निभेल का?

निभेल, पण अर्जात "शाकाहारी" एवढंच लिहिणं पुरत नाही. अंडं चालतं का? केकमधलं? मांस शिजवलेल्या तव्यावरचं चालेल का? फ्रिजमध्ये शेजारी मांस असेल तर? आधीच ठरवा आणि खरं लिहा. अंडं खाणाऱ्याला घर मिळणं सोपं जातं, ही वस्तुस्थिती आहे.

तिकडे न दिसणारं मांस बरंच असतं: सूपमधलं चिकनचं पाणी, मेक्सिकन राजम्यातली डुकराची चरबी, जेली आणि मार्शमॅलोमधलं जिलेटिन, थाई जेवणातला फिश सॉस. जपानमध्ये दाशी, म्हणजे माशाचं पाणी, जवळजवळ प्रत्येक रश्शात असतं आणि तिथल्या लोकांच्या मते ते "मांस" नसतंच. म्हणून "मांस नको" असं मोघम न सांगता गाय, डुक्कर, कोंबडी, मासे आणि त्यांचं पाणी, अशी यादीच तिथल्या भाषेत कार्डावर लिहून ठेवा.

प्रथिनांकडे लक्ष द्या. पास्ता, बटाटा आणि ब्रेडवर वर्ष काढणाऱ्या मुलांचं वजन वाढतं आणि अंगात त्राण राहत नाही. डबाबंद राजमा, पीनट बटर, दही, टोफू बहुतेक दुकानांत मिळतं.

मी घरचं जेवण करून घालू का?

जरूर, पण पहिला बेत फोडणीचा नको. मोहरी तडतडून हिंग-मिरची पडली की धुराचा अलार्म वाजतो, आणि काही इमारतींत तो थेट अग्निशमन दलाला जोडलेला असतो. करायचीच असेल तर एक्झॉस्ट आधी सुरू करा, तेल मध्यम आचेवर तापवा, मोहरी पडताच झाकण ठेवा, तिखट गॅस बंद केल्यावर घाला. विजेच्या शेगडीची कॉइल बंद केल्यावरही बराच वेळ तापलेली राहते, भांडं उचलून बाजूला घ्यावं लागतं. स्टीलचा डबा मायक्रोवेव्हमध्ये ठेवायचा नाही. डिशवॉशरमध्ये हाताने भांडी घासायचा लिक्विड साबण घातला तर सगळं स्वयंपाकघर फेसाने भरतं, त्याची पावडर किंवा गोळी वेगळी असते.

कांदेपोहे, बटाट्याची भाजी, शिरा या गोष्टी बहुतेकांना आवडतात. मिसळ त्यांना तिखटाशिवाय द्यावी लागेल, आणि तिखटाशिवायच्या मिसळीला नाशिकमध्ये कोणी मिसळ म्हणणार नाही, पण वर्षभरासाठी चालवून घ्या. ओटा मात्र मूळ होता तसा करून ठेवा. हळदीचा डाग पांढऱ्या ओट्यावर बसतो, लगेच पुसा.

शाळा किती वेगळी असते?

अमेरिकेत शिक्षक वर्ग बदलत नाहीत, विद्यार्थी बदलतात: तास संपला की चार-पाच मिनिटांत दुसऱ्या खोलीत पोचायचं. पहिल्या दिवशी अनेकांना लॉकरचं आकड्यांचं कुलूप उघडत नाही. नेहमीची पद्धत अशी: चकती उजवीकडे तीनदा पूर्ण फिरवून पहिल्या आकड्यावर थांबा, मग डावीकडे, दुसऱ्या आकड्यावरून एकदा पुढे जाऊन पुन्हा तो आला की थांबा, मग उजवीकडे सरळ तिसऱ्यावर. शाळा सुरू होण्याआधी रिकाम्या कॉरिडॉरमध्ये दहा वेळा उघडून बघा.

शिक्षक आले म्हणून उठून उभं राहत नाहीत. वर्गात न बोलणारा मुलगा हुशार आणि शांत समजला जात नाही, त्याला विषय येत नाही असं धरतात आणि काही वेळा त्याचे गुणही जातात. गुण रोजच्या गृहपाठापासून मोजले जातात, शेवटच्या परीक्षेत सगळं भरून काढू हा आपला हिशेब तिथे बसत नाही. मित्राच्या वहीतून गृहपाठ उतरवणं म्हणजे सरळ कॉपी, त्याची नोंद होते. जर्मनीत १ हा सर्वोत्तम आणि ६ हा सर्वांत वाईट गुण, हे आजी-आजोबांना आधीच सांगून ठेवा.

मित्र होत नाहीत. काय करू?

पहिल्या दोन आठवड्यांत सगळे चौकशी करतात, मग आपापल्या घोळक्यात परततात. हे सर्वांच्याच बाबतीत होतं. उपाय एकच, रोज तीच माणसं भेटतील अशा गोष्टीत शिरणं: खेळाचा संघ, बँड, नाटक. अमेरिकेत शरद ऋतूतल्या खेळांची निवड ऑगस्टमध्ये, अनेकदा शाळा सुरू होण्याआधी होते आणि त्याआधी डॉक्टरांकडून तंदुरुस्तीचा फॉर्म भरून लागतो. तो नाशिकहून निघण्यापूर्वी मागवता आला तर बघा. क्रॉस-कंट्री धावण्याच्या संघात सहसा कोणाला वगळत नाहीत, खेळ न येणाऱ्यांनी तिथून सुरुवात करावी.

"ये कधीतरी" हे आमंत्रण नसतं. "शनिवारी दुपारी येशील का" असा दिवस तुम्हीच सुचवा.

घरी किती वेळा फोन करावा?

पहिल्या महिन्यानंतर आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी. रोज तासभर व्हिडिओ कॉल करणारा विद्यार्थी शरीराने तिकडे आणि मनाने गंगापूर रोडवर असतो, भाषाही मागे पडते. न्यूयॉर्कपेक्षा आपण उन्हाळ्यात साडेनऊ तास पुढे असतो, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपासून साडेदहा. जर्मनी, फ्रान्स, इटलीपेक्षा साडेतीन, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून साडेचार. न्यूयॉर्कच्या रविवारी सकाळी ९ ला नाशिकला संध्याकाळचे साडेसहा किंवा साडेसात, दोघांनाही सोयीचे.

मुलगी फोनवर रडते. परत बोलावू का?

लगेच नाही. सर्वांत अवघड काळ बहुधा ऑक्टोबर ते डिसेंबर. नवलाई संपलेली असते, दिवस लहान होऊन चार-पाचलाच अंधारतं, आणि नेमकी तेव्हाच दिवाळी येते. घरचे सगळे फराळाचे फोटो पाठवतात. प्रेमाने पाठवतात, पण त्या आठवड्यात ते जरा कमी केले तर बरं. मुलीला पणत्या लावून यजमानांना चार गोष्टी सांगायला आणि काहीतरी गोड करून खाऊ घालायला सुचवा.

तुम्ही ऐकून घ्या, पण यजमान कुटुंबाला परस्पर फोन करून जाब विचारू नका. रडून मोकळी झालेली मुलगी तासाभराने मैत्रिणींबरोबर बाहेर गेलेली असते आणि आईवडील नाशिकला रात्रभर जागे. मात्र दोन आठवडे झोप किंवा जेवण नीट नाही, शाळा टाळते, खोलीतून बाहेर येत नाही, किंवा जिवाचं बरंवाईट करण्याचं बोलते, असं असेल तर वेळ न घालवता संस्थेच्या समन्वयकाला कळवा.

यजमान कुटुंबाशी पटत नसेल तर?

आधी कुटुंबाशी, मग स्थानिक समन्वयकाशी. अमेरिकेत समन्वयकाने दर महिन्याला विद्यार्थ्याशी संपर्क ठेवायचा असतो. तेव्हा "सगळं छान" म्हणून वेळ मारून नेऊ नका. जेवण आवडत नाही, घर गावाबाहेर आहे, धाकटी भावंडं त्रास देतात, ही कारणं घर बदलण्यासाठी सहसा पुरत नाहीत. तक्रार करताना तारीख आणि घडलेली गोष्ट सांगा, "ते मला समजून घेत नाहीत" यावर कोणालाच काही करता येत नाही.

नको असलेला स्पर्श, अश्लील बोलणं, मारहाण, उपाशी ठेवणं, पासपोर्ट काढून घेणं, यात मात्र वाट बघायची नाही. त्याच दिवशी समन्वयक, शाळेतला समुपदेशक किंवा पोलीस. अमेरिकेत ९११, युरोपात ११२, जपानमध्ये पोलिसांसाठी ११० आणि रुग्णवाहिकेसाठी ११९. जे-१ विद्यार्थ्यांसाठी अमेरिकी परराष्ट्र खात्याची वेगळी मदतवाहिनी आहे, तिचा क्रमांक संस्था देते. तो फोनमध्येही ठेवा आणि कागदावरही.

गाडी चालवणं, नोकरी, डेटिंग?

गाडी चालवायची नाही, लायसन्स मिळत असलं तरी. नोकरी नाही, मात्र अमेरिकेत शेजाऱ्यांचं गवत कापणं किंवा मुलं सांभाळणं अशी किरकोळ कामं चालतात. दारू आणि अमली पदार्थ म्हणजे परतीचं तिकीट. ज्या पार्टीत दारू आहे तिथे तुम्ही नुसते उभे होतात, हा बचाव सहसा टिकत नाही. डेटिंगबद्दल संस्थांचे नियम वेगवेगळे आहेत, रोटरीचे कडक.

पैसे किती लागतात?

राहणं आणि घरचं जेवण कुटुंबाकडे. कपडे, सिनेमा, सहली, बाहेरचं खाणं यासाठी अमेरिकेत महिन्याला २०० डॉलरच्या आसपास धरून चाला. तिथे किमतीच्या चिठ्ठीवर विक्रीकर धरलेला नसतो, गल्ल्यावर आकडा वाढतो. भारतीय कार्डावर परदेशी व्यवहार बँकेच्या ॲपमधून चालू करावे लागतात, आणि ओटीपी आईच्या किंवा वडिलांच्या नंबरवर येईल अशी सोय असेल तर मध्यरात्री त्यांना उठवावं लागतं. एक दुसरं कार्ड बॅगेत वेगळं ठेवा.

थंडीचं काय?

निफाडची थंडी काढली म्हणजे मिनेसोटाची काढता येईल असं नाही, तिथे पारा उणे २० च्याही खाली जातो. तरी जाड कोट नाशिकहून नेऊ नका. तिबेटियन मार्केटमधला स्वेटर ठीक, पण कोट आणि बर्फाचे बूट तिथेच घ्या, वापरलेल्या कपड्यांच्या दुकानांत चांगले आणि स्वस्त मिळतात. अंगालगत सुती बनियन नको. सुती कापड घाम धरून ठेवतं आणि गार पडतं. लोकरीचे कपडे ड्रायरमध्ये टाकले की धाकट्या भावाच्या मापाचे होतात.

आजारी पडलो तर?

यजमानांना लगेच सांगा, डोलो घेऊन खोलीत पडून राहू नका. अमेरिकेत तापासाठी थेट इमर्जन्सीत गेलात तर बिल प्रचंड येतं. साध्या तक्रारींसाठी अर्जंट केअर नावाचे दवाखाने असतात. विम्याचं कार्ड पाकिटातच हवं. नेहमीची औषधं मूळ पाकिटात आणि डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह न्या, चिठ्ठीवर ब्रँडऐवजी औषधाचं मूळ नाव असू द्या.

कुटुंब चर्चला नेतं. जावंच लागतं का?

सक्ती करता येत नाही. सोबत म्हणून एक-दोनदा जाऊन बघायला हरकत नसावी. रविवारी गावातली निम्मी माणसं तिथे भेटतात. प्रार्थनेत भाग न घेता शांत बसलं तरी चालतं. जायचं नसेल तर कारण सांगा आणि त्या वेळात घरी काय करणार तेही.

नाशिकबद्दल सादरीकरण करायला सांगतात. काय दाखवू?

ताजमहाल सोडा, तो त्यांनी पाहिलेला असतो. द्राक्षांचे मळे, गोदाघाट, १२ वर्षांनी येणारा सिंहस्थ, त्र्यंबकेश्वरी १८७० मध्ये जन्मलेले दादासाहेब फाळके, एवढं दहा मिनिटांना भरपूर होतं. शाळेतल्या एका दिवसाचे आणि घरच्या जेवणाच्या ताटाचे फोटो जरूर ठेवा, सर्वांत जास्त प्रश्न त्यांवरच येतात. "हे रोज खाता?" हा तर ठरलेलाच.